हिरवं पचलं, लाल आणलं

मका मुरघासाला आला तर गाई राहतील, नाही आला तर विकायच्या, हे आमच्या घरात दिवाळी झाली तेव्हाच ठरलं होतं. ठरवलं वडिलांनी आणि त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे आप्पांनी. आईने नुसती मान हलवली. मका येणार नाही असं तिच्या मनातसुद्धा नव्हतं. निमोण्याच्या अलीकडे आमचं रान आहे. विहिरीला उन्हाळा लागेपर्यंत पाणी टिकतं आणि तेवढ्या पाण्यात मका दरवर्षी डोक्याच्या वर जायचा. दाणा चिकात आला की तो तोडायचा, यंत्रावर कुट्टी करायची आणि मोठ्या पिशव्यांत पायाने दाबून तोंड घट्ट बांधायचं. आंबूस वासाचा तो मुरघास पावसाळ्यापर्यंत गाईंना पुरायचा. उन्हाळ्यात आमच्या बाजूला दुसरं हिरवं काही नसतं. मका गेला म्हणजे गाई गेल्याच, यावर कुणी वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

वडील शिक्रापूरच्या बाजूला एका कंपनीत आहेत. कंपनीच्या बसमध्येच आपलं आयुष्य चाललंय, असं ते म्हणायचे. हायवेलगत त्यांनी एक खोली बघून ठेवली होती. गाई नसतील तर घराला कुलूप लावून सगळ्यांनी तिकडे जायचं आणि आईला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला लावायचं, एवढं त्यांनी बोलून ठेवलं होतं. आई एकदा ती खोली बघून आली. आल्यावर म्हणाली, "खिडकी उघडली की ट्रकचं चाक दिसतंय." त्यानंतर खोलीचा विषय निघाला की ती उठून गोठ्यात जायची.

आई एकूणच कमी बोलते. लग्नकार्यात ती भांड्यांपाशी सापडते, फोटोत कुणाच्या तरी मागे. पण सकाळी डेअरीवर दूध घालायला गेली की तिचा आवाज वेगळा यायचा. फॅट कमी लागलं तर मशीनवरच्या माणसाला ती सगळ्यांसमोर पुन्हा लावायला लावायची, आणि तो लावायचा. गोठ्यात चार दुभत्या गाई आणि एक भाकड. गावात बायका तिला विचारायला यायच्या, वासरू पीत नाही काय करू, सड सुजलाय काय लावू. घरात तिला कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकले, पिवळ्या व्हॅनमधून तालुक्याला जाऊन. गावात कुणी मला "मॅडम" म्हणालं तर ते कौतुक आहे की टोमणा, हे मला अजून ओळखता येत नाही. म्हणून मी दोन्हीला सारखंच हसते. पदवी झाली होती आणि नोकरीचे अर्ज करत मी घरी बसले होते. मला स्वतःला शिक्रापूर चालण्यासारखं होतं. तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, एवढंच मला पुरलं असतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मक्यात अळी दिसल्यावर तर सांगायची सोयच राहिली नाही.

मका गुडघ्याएवढा होता. नवीन पान उलगडलं की त्यावर एका ओळीत भोकं दिसायची, कागदाची घडी घालून कात्रीने कापल्यासारखी. रोपाच्या मधोमध कोवळ्या पानांची जी गुंडाळी असते तिला पोंगा म्हणतात. त्या पोंग्यात ओला भुसा साठला होता, सुताराकडे पडलेला असतो तसा. आईने दोन बोटांनी पोंगा फाकवला. तळाशी अळी होती. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय.

"ही बघ, तुझ्या शाळंतली," आई म्हणाली.

तोवर ती चेष्टा करत होती. लष्करी अळी तिला नवी नव्हती, आणि तिच्याकडे औषध होतं.

आमच्याकडे फवारणीच्या औषधांची नावं कुणी घेत नाही, ती तोंडात बसतच नाहीत. प्रत्येक बाटलीवर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लोक त्या रंगानेच मागतात. "हिरव्या खुणेचं द्या." लाल म्हणजे सगळ्यात जहाल आणि हिरवं म्हणजे सगळ्यात सौम्य, हे गावात सगळ्यांना पाठ. मीही तेच धरून चालले होते. रंग बघायला इंग्रजी लागत नाही.

आईचा विश्वास हिरव्यावर होता. ही अळी आमच्या भागात पहिल्यांदा आली त्या वर्षी आप्पांनी आपल्या मक्यावर लाल खुणेचं मारलं होतं आणि आईने, दुकानदाराच्या सांगण्यावरून, हिरवं. आप्पा तेव्हा हसले होते. "ते काय गाईच्या अंगाला चोळायचं हाय का?" पण दुसऱ्या दिवशी आईच्या मक्यातल्या अळ्या मऊ पडून पोंग्यातच लोंबत होत्या. आमच्याकडे औषध लागू पडलं की त्याला रिझल्ट आला म्हणतात. आईच्या तोंडी तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, माझ्या परीक्षेशिवाय. तेव्हापासून प्रत्येक मक्याला हिरवंच. पुढच्या वर्षी एक फवारणी जास्त लागली. त्याच्या पुढच्या वर्षी आईने टोपण काठोकाठ भरून वर अजून थोडं ओतलं. दुकानदार कधी म्हणायचा, "ताई, ह्या खेपेला कंपनी बदलून बघा." मग ती वेगळ्या झाकणाची बाटली घेऊन यायची आणि समाधानाने सांगायची, "औषध बदललं."

या वर्षीही तिने मारलं. दोन दिवसांनी पोंगे फाकवून पाहिले. अळ्या होत्या, भुसा होता, भोकं वाढली होती. तिने निळ्या झाकणाचं आणून मारलं. तेच. मग ती दुकानात गेली तेव्हा मलाही घेऊन गेली. दुकानदार ओळखीचा, बोलायला बरा. म्हणाला, "ताई, तुम्ही मारताय कवा? नाश्ता करून, व्हय ना? तवा ती पोंग्यात खाली झोपलेली असती. दिवस मावळताना मारा, ती वर येती तवा."

"आन् मला बिबट्यानं नेलं मंजी?" आई म्हणाली.

दुकानातली माणसं हसली, पण तिचं खरंच होतं. आमच्या मक्याला लागून उसाचं रान आहे. त्या हिवाळ्यात ऊन कलल्यावर आमच्या बाजूला कुणी रानात थांबत नव्हतं. गवत कापायला बायका घोळक्याने जायच्या आणि घोळक्याने परत यायच्या. त्यामुळे सगळा शिवार सकाळी उन्हातच फवारायचा, आणि अळ्या पोंग्यात, आपल्याच भुशाच्या बुचाखाली, निवांत.

तरीही आईने ऐकलं. ऊन उतरायच्या वेळी ती पाठीवर पंप घेऊन मक्यात शिरली आणि माझ्या हातात स्टीलचं ताट आणि पळी दिली. मी बांधावर उभी राहून वाजवायचं आणि ओरडायचं. मला ओरडता येत नाही. शाळेत प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवायचे. ताट वाजवत मी कसंबसं "हो, हो" करत होते. आप्पा त्यांच्या वस्तीवरून बघत होते.

"मॅडम, बिबट्याला इंग्रजी येत न्हाई! मराठीत वरडा जरा!"

मक्यातून आईचा आवाज आला, "तुम्हीच या की आप्पा. तुमचा आवाज त्याच्या वळखीचा हाय!"

आई आप्पांना असं बोललेली मी कधी ऐकली नव्हती. मला हसू आलं आणि त्या हसण्याच्या भरात मी खरंच मोठ्याने ओरडले. पंप रिकामा करून ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरची ओढणी सोडवत म्हणाली, "ह्या वेळेला गळतील." तिला इतकी खात्री होती, की मला ती दोन दिवस रानात जाऊच नये असं वाटत राहिलं.

ती गेली. अळ्या तशाच होत्या. आल्यावर तिने लोणच्याची एक रिकामी बरणी धुतली, झाकणाला खिळ्याने भोकं पाडली. मग पातेल्यात औषध कालवून, पाण्याचा नेम न धरता, मक्याची पानं त्यात बुडवून काढली आणि बरणीत घातली. वरून मक्यातल्या मूठभर अळ्या सोडल्या. बरणी गोठ्याच्या कोनाड्यात ठेवून दिली.

सकाळी तिने मला हाक मारली. "ये, ये लवकर! एकच राहिली!"

तिच्या हातात बरणी होती आणि तोंडावर हसू. आत एकच अळी होती, जाडजूड. मी बरणी हातात घेऊन फिरवली. मेलेल्या कुठेच दिसेनात. पानं उचलून पाहिली, खाली काळपट दाणे होते. दाणे नव्हते ते. डोकी होती, त्यांच्यावर तो उलटा वाय. बाकीच्यांना तिने खाल्लं होतं. आणि आम्ही बघत होतो तेवढ्यात ती सरकत पानाच्या कडेला आली आणि औषधात बुडवलेलं पान कुरतडायला लागली.

"मेलेल्या गेल्या कुठं?" आई म्हणाली.

मला सांगावं लागलं.

तिने बरणी हलवली, जोरात, जशी झोपलेल्या माणसाला हलवतात. अळी पानाला धरून राहिली.

त्या दिवशी मी गोठ्यातल्या रिकाम्या बाटल्या काढल्या. पांढऱ्या झाकणाची, निळ्या झाकणाची, मागच्या वर्षीची केशरी झाकणाची. ओल्या फडक्याने पुसून ओट्यावर ओळीने ठेवल्या आणि खालची बारीक अक्षरं वाचली. वरची नावं तीन होती, मोठी, चमकदार. खाली बारीक अक्षरांत, औषधात काय आहे तिथे, तिन्हींवर एकच शब्द होता. प्रमाणसुद्धा एकच.

"आई, हे तिन्ही एकच आहे."

"एकच कसं? हे निळ्या झाकणाचं, हे पांढऱ्या."

"झाकणं वेगळी आहेत. आत एकच आहे."

"मग तीन नावं कशाला ठेवली त्यांनी?"

"कंपन्या तीन आहेत."

ती ओट्याच्या कडेला बसली. एकेक बाटली उचलून झाकण पाहिलं, मग म्हणाली, "म्हंजी मी औषध बदललंच न्हाई कवा."

मला वाचून जेवढं कळलं होतं तेवढं मी सांगितलं. पहिल्या वर्षी बहुतेक सगळ्या मेल्या. एखादी अशी असते की तिला ते औषध बाधत नाही. ती राहते, तिचा पतंग होतो, तिचीच पिल्लं पुढच्या मक्यात येतात. पुन्हा तेच औषध आलं की पुन्हा त्याच राहतात. मी इंग्रजी शब्द टाळत होते आणि मराठी शब्द मला सापडत नव्हते, त्यामुळे फार अडखळत बोलले.

आई म्हणाली, "पचाय लागलं तिला."

"हो."

"आन् जिला पचतं तिलाच आपण मागं ठेवली. बी धरल्यासारखी."

आमच्या घरात ज्वारीची चांगली कणसं निवडून बियाण्याला बाजूला ठेवायची ती तीच होती. तिने तो शब्द वापरला तेव्हा तिच्याकडे बघवेना.

वेगळ्या जातीचं, म्हणजे अळीला दुसऱ्या तऱ्हेने मारणारं औषध हवं होतं. एका कागदावर त्याचं नाव लिहून मी एकटी दुकानात गेले. दुकान माणसांनी भरलेलं होतं. मी पहिल्यांदा विचारलं ते कुणालाच ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर दुकानदाराने कागद हातात घेतला. "मॅडम, आता सगळ्यांनाच हेच पाहिजे. माल संपला. येईल म्हणत्यात, पण कवा ते मला इचारू नका." शिरूरमध्ये अजून दोन ठिकाणी फिरले. एकाने तेच सांगितलं. दुसऱ्याने केशरी झाकणाची बाटली पुढे केली आणि म्हणाला, हे नवीन आहे.

तोवर मका कमरेच्या वर गेला होता. आई रोज सकाळी ओंजळीत माती घेऊन जायची आणि चिमूट चिमूट पोंग्यात टाकायची, अळी गुदमरेल म्हणून. सगळा मका, पोंग्यापोंग्याने. मी एक ओळ संपवेपर्यंत ती दोन ओळी पुढे गेलेली असायची, आणि मागे वळून पाहिलं की एवढ्या मक्यात आम्ही काहीच केलेलं नाही असं दिसायचं.

मग तिला मावशी आठवली. मावशी भीमेपलीकडे, दौंड तालुक्यात. तिच्याकडे कॅनॉलचं पाणी आहे, मका आमच्या दुप्पट असतो. आई फोनवर काही मागत नाही, समोर जाऊन मागते. आम्ही एसटीने गेलो. मावशी अंगणातच भेटली, पदराला हात पुसत.

आईने पाणी प्यायच्या आधीच विचारलं, "मका कसा हाय तुझा? उन्हाळ्यापुरता दिला तर बघ."

मावशी मोठ्याने हसली. "घे की बाई, सगळाच घे. अळ्यांसकट घे. मला वाटलं तू मला द्यायला आलीस!"

ती आम्हाला रानात घेऊन गेली. तिचा मका उंच होता पण पानांच्या नुसत्या शिरा राहिल्या होत्या, वारा आला की झालरीसारख्या हलायच्या. तुरा यायच्या आधीच कणसाच्या जागी भुसा.

"काय मारलंस?" आईने विचारलं.

"पिवळ्या खुणेचं. दर वर्षी तेच. पहिल्यांदा काय रिझल्ट व्हता! आता तर पंपाचा आवाज आला की त्या ताटावर बसत्यात. तू?"

"हिरवं."

"मग झालं की! तुझी हिरवं पचवती, माझी पिवळं पचवती. सोयरीक करून टाकू दोघींची. पिल्लांना काही घातलं तरी चालंल."

दोघी बहिणी हसल्या. मावशीचं हसणं आधी संपलं. निघताना तिने आईच्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा आणि तिळाचे लाडू घातले, आणि दोघींपैकी कुणीही पुन्हा चाऱ्याचं नाव काढलं नाही. एसटीत आई खिडकीशी बसली होती. भीमेचा पूल ओलांडल्यावर तिने एकदम विचारलं, "शिक्रापूरच्या त्या खोलीत वास कसला येत व्हता गं?"

मी ती खोली पाहिली नव्हती. तसं मी म्हणाले. ती म्हणाली, "व्हय, तू न्हवती आलीस."

दुसऱ्या दिवशी आप्पा लाल खुणेचं घेऊन आले. कुठल्याशा दुकानातलं मागच्या फळीवरचं. बाटली उघडायच्या आधीच अंगणात उग्र वास सुटला. त्यांना आईचं वाईट चिंतायचं नव्हतं. त्यांच्या मनात गाई राहाव्यात असंच होतं, त्या दिवशी तरी.

"हिरवं-पिवळं लेकराबाळांचं असतं," ते म्हणाले. "अळी त्याला भीत न्हाई. हे मारा."

मी त्या बाटलीचा फोटो काढून फोनवर शोधत बसले. जे सापडलं ते आधी मला नीट समजलंच नाही, पुन्हा वाचावं लागलं. चौकोनातला तो रंग अळीसाठी नव्हताच. औषध पोटात किंवा अंगात गेलं तर माणसाला, जनावराला किती बाधेल, त्याची ती खूण होती. हिरवं म्हणजे आम्हाला कमी. लाल म्हणजे आम्हाला सगळ्यात जास्त. अळीचं काय होईल याबद्दल त्या चौकोनात काहीच सांगितलेलं नव्हतं. अख्खा गाव इतकी वर्षं स्वतःसाठी लावलेली धोक्याची खूण अळीच्या नावाने वाचत होता.

मी हे आप्पांसमोर सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं. म्हंजी माणूस मरतोय ह्यानं."

"हो."

"माणूस मरंल त्यात अळी कशी जगंल?"

मला उत्तर माहीत होतं, पण त्यांच्या त्या वाक्यापुढे ते मला स्वतःलाच लंगडं वाटायला लागलं. आईने बाटली हातात घेतली. माझ्याकडे न बघता विचारलं, "मका गाईला चालंल का मग?"

"बाटलीबरोबरच्या कागदावर चाऱ्याच्या मक्याचं नावच नाही. कापूस आहे, दुसरं काय काय आहे. फवारल्यावर किती दिवस थांबून तोडायचं ते मक्यासाठी लिहिलेलंच नाही."

"पाणी दिलं की जातंय धुऊन," आप्पा म्हणाले. "दाणा चिकात यायला टाइम हाय अजून."

आईने मारलं. मला बांधावरसुद्धा येऊ दिलं नाही. मका आता तिच्या उंचीचा झाला होता, नोझल डोक्याच्या वर धरावं लागत होतं, आणि सगळा फवारा तिच्याच अंगावर उतरत होता हे मला घराच्या पायरीवरून दिसत होतं. ओढणी भिजून गालाला चिकटली होती. मी दोनदा हाक मारली. ती हात हलवून मला लांब राहायला सांगत होती.

ती विहिरीवर हातपाय धुवायला गेली आणि तिथेच बसून राहिली. तोंडाला पाणी सुटत होतं, थुंकून थुंकून थांबेना. मग उलटी. "डोळ्यापुढं दिवा बारीक झाल्यासारखं व्हतंय," असं म्हणाली. आप्पांनी गाडी काढली. मी बाटली पिशवीत घालून बरोबर घेतली. शिरूरच्या डॉक्टरांनी बाटली पाहिली, आईच्या डोळ्यांत टॉर्च धरला आणि लगेच सुई टोचली. सलाइन लावलं. अंगावरचे कपडे काढून तिला साबणाने धुवायला मला सांगितलं. मी तिची पाठ चोळत होते. लहानपणी ती मला न्हाऊ घालायची, त्यानंतर आम्ही एकमेकींना इतकं जवळून शिवलेलं नव्हतं. ती थरथरत होती आणि म्हणत होती, "गाईंना पाणी दाखवलं का कुणी?"

ती सावरल्यावर डॉक्टर म्हणाले, "कशावर मारलं हे?"

"मक्यावर."

"खायचा मका?"

"जनावरांचा."

त्यांनी आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुसऱ्या खोलीत कुणीतरी रडत होतं, ते तिकडे गेले.

मक्याचं सांगायचं तर, उघड्यावरच्या काही अळ्या मेल्या. आप्पांनी त्या ओंजळीत गोळा करून घरी आणून दाखवल्या. "रिझल्ट हाय." पण ज्या पोंग्यात खाली, भुशाच्या बुचाखाली होत्या त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. त्या कणसात शिरल्या. तरी मका अगदी भुईसपाट झाला नव्हता. अर्धा चारा उभा होता, आणि दाणा चिकात येत होता. एवढा मुरघास दाबला असता तर गाईंचा उन्हाळा कसाबसा निघाला असता. वडिलांनीही कंपनीतून फोन करून विचारलं, "कुट्टीवाल्याला कवा बोलवायचं?"

आमच्याकडे चाऱ्याची शंका आली की तो आधी भाकड गाईपुढे टाकतात. कोवळी ज्वारी असो, बुरशी धरलेला कडबा असो. तिला थोडं घालायचं आणि संध्याकाळपर्यंत बघायचं. ती फुगली नाही, लाळ गाळली नाही, बसून राहिली नाही, तर मग दुभत्यांना. कुणाला यात वावगं वाटत नाही. दुभतं जनावर घर चालवतं, भाकड नुसतं खातं. आईसुद्धा आजवर असंच करत आली होती.

तिने मक्याची पेंढी तोडून आणली. अजून ती चालताना मध्येच भिंतीला हात लावायची. आप्पा गोठ्याच्या दारात उभे होते, मी आत. चारही दुभत्या गाई पेंढीकडे बघून दाव्याला ताण देत होत्या. गेले काही दिवस त्यांना सगळ्यांनाच कमी पडत होतं. आई भाकड गाईपुढे गेली.

"घाल की," आप्पा म्हणाले. "सांजपतूर कळंल."

गाईने मान लांब केली. आईने पेंढी दोन्ही हातांत छातीशी धरली होती. गाईची जीभ पानाच्या टोकाला लागली, पान ओढलं गेलं, टर्रकन आवाज झाला. आईने पेंढी झटक्यात मागे घेतली आणि गाईच्या जबड्यात हात घालून ते पान बाहेर काढलं. मी तिला कुठल्याच जनावरावर एवढा जोर करताना पाहिलं नव्हतं. गाय हंबरली.

"अगं, भाकड हाय ती," आप्पा म्हणाले.

आई आपला हात बघत होती, त्यावर गाईची लाळ होती. "मला झालं ते हिला झाल्यावर मी सांजपतूर बसून बघत राहू?" ती म्हणाली. ओरडली नाही.

"न्हाईच काही झालं तर?"

"आज न्हाई झालं तर उद्या दूध लोकांच्या घरात जातंय, आप्पा."

बाहेर उसात मोर ओरडत होते. आईने पेंढी गोठ्याच्या मागच्या भिंतीवरून पलीकडे टाकली, हात धुतले, पुन्हा धुतले.

"तुमच्या वळखीचा व्यापारी हाय न्हवं? बोलवा त्याला."

"भाकड एकटीच?"

"सगळ्या."

"आन् मका?"

"नांगरून टाका. आन् कुणाचं जनावर आत जाऊ देऊ नका."

मला काहीतरी म्हणायचं होतं. शिक्रापूरबद्दल नाही, दुसरंच काहीतरी. इंग्रजीत किंवा मराठीत, कशातच ते तयार होत नव्हतं. आप्पा फोन काढून अंगणात गेले आणि त्यांचा आवाज येत राहिला, किती, कुठल्या, दुधाला कशा. आई त्या बोलण्याकडे पाठ करून गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीवर चढली. तो कडबा ती पुरवून पुरवून घालायची, मोजक्या पेंढ्या, त्याही अर्ध्या करून. आता ती हाताला येतील तशा पेंढ्या खाली टाकत होती, आणि मी त्या उचलून पाचही गाईंपुढे टाकत होते. गाई खाली मान घालून खात होत्या. वर गंज कमी होत होती आणि आई थांबत नव्हती.